फुटबॉलची गॅलरी, रग्बीची गॅलरी: फरक माणसांत की मांडणीत?

उभी_रेघ

ट्विकनमला इंग्लंड-वेल्स सामना असला की ८२ हजार माणसं बसतात. लाल जर्सी आणि पांढरी जर्सी शेजारी-शेजारी, हातात बिअर, मध्ये कुठलीही जाळी नाही. त्याच देशात प्रीमियर लीगच्या सामन्याला पाहुण्या संघाचे जेमतेम ३,००० लोक वेगळ्या दारानं आत घेतात आणि कोपऱ्यात बसवतात. त्यांच्या आणि यजमानांच्या मध्ये रिकाम्या खुर्च्यांचा पट्टा असतो, त्यावर स्टुअर्डची (मैदानावरच्या देखरेख कर्मचाऱ्यांची) रांग. बिअर घेऊन खुर्चीवर जायला तर कायद्यानंच बंदी.

यावरून "रग्बी सभ्य लोकांचा, फुटबॉल गुंडांचा" हे ठरलेलं वाक्य निघतं. मला ते पटत नाही. माझ्या मते हा फरक स्वभावाचा कमी आणि मांडणीचा जास्त आहे: पाहुणे किती येतात, सामने किती वेळा होतात, निष्ठा क्लबवर आहे की देशावर, खेळ किती वेळ थांबतो, कायदा कोणाला लागू होतो. ज्यांना यातलं बारकाईनं माहीत आहे त्यांनी लिहावं. "आमचाच खेळ भारी" छापाचे प्रतिसाद नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

पायऱ्यांवरून

कायद्यापासून सुरुवात करतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार.

इंग्लंड आणि वेल्समधला दारूचा कायदा १९८५ चा. तो वरच्या पाच स्तरांतल्या फुटबॉल सामन्यांना लागू होतो, रग्बीला नाही. सामन्याच्या दोन तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत, जिथून मैदान थेट दिसतं अशा जागी दारू जवळ बाळगणं गुन्हा. सामन्याला माणसं नेणाऱ्या खास बसमध्येही बंदी. स्टँडच्या पोटातल्या बोळात मात्र विक्री चालते.

याचा व्यवहारात परिणाम उलटाच होतो. मध्यंतर १५ मिनिटांचं. हजारो माणसं एकदम बोळात उतरतात, दहा मिनिटं रांगेत उभी राहतात आणि उरलेल्या पाचांत ग्लास घशाखाली ओततात. रग्बीचा प्रेक्षक तोच ग्लास ४० मिनिटं पुरवतो. म्हणजे आधी कायदा वेगळा केला आणि मग त्यातून निपजलेल्या वागण्याकडे बोट दाखवून म्हटलं, बघा हे लोक कसे पितात!

बंदी आदेशाचंही तसंच. फुटबॉलशी संबंधित गुन्ह्यात कोर्ट ३ ते १० वर्षं मैदानबंदी घालू शकतं आणि परदेशातल्या सामन्यांच्या वेळी पासपोर्ट जमा करायला लावू शकतं. रग्बीच्या प्रेक्षकासाठी असा वेगळा कायदाच नाही. त्यामुळे "फुटबॉलमध्ये इतक्या जणांवर बंदी, रग्बीत शून्य" ही तुलना करणाऱ्यानं आधी कायदा वाचावा.

हूकर_दोन

पटतंय, पण एक बाजू सुटली. कायदा हवेतून आला नाही. २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूल-युव्हेंटस अंतिम सामन्याआधी इंग्लिश पाठीराखे मधली जाळी तोडून पलीकडे घुसले, भिंत कोसळली, ३९ माणसं गेली. त्यानंतर इंग्लिश क्लब पाच वर्षं युरोपच्या स्पर्धांबाहेर होते. रग्बीच्या खात्यावर असं काही नाही. मांडणी महत्त्वाची, मान्य. पण हातात दगड घेणारा माणूसच असतो ना?

पायऱ्यांवरून

हेसेलबद्दल वाद नाहीच. माझा मुद्दा त्यानंतर काय झालं त्याबद्दल आहे. गुंडगिरी रोखायची म्हणून सगळ्या प्रेक्षकांकडे गुंड म्हणूनच पाहायची सवय पोलिसांना लागली आणि तिची किंमत १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर मोजावी लागली.

तिथं नक्की काय झालं ते क्रमानं लिहितो, कारण अजूनही लोक "दारू पिऊन चेंगराचेंगरी" असं बेधडक लिहितात. लेपिंग्स लेन टोकाला उभ्यानं पाहायचं तिकीट असलेले १०,१०० लोक होते आणि त्यांच्यासाठी फिरती दारं फक्त सात. बाहेर गर्दी तुंबली. २:५२ ला पोलिसांनी बाहेर पडायचं मोठं गेट उघडलं. आत समोरच एक बोगदा होता, तो थेट मधल्या दोन कप्प्यांत जाई. ते आधीच गच्च भरले होते, बाजूचे कप्पे मोकळे होते, पण बोगद्याच्या तोंडाशी अडवायला कोणी उभं केलं नव्हतं. पुढे मैदानात घुसू नये म्हणून लावलेलं उंच कुंपण, बाजूला कप्प्यांच्या जाळ्या. ९७ मृत्यू. २०१६ च्या चौकशीत ज्यूरीनं त्या ९६ जणांचा (९७ वा मृत्यू पुढे २०२१ मध्ये झाला) बेकायदा मृत्यू झाल्याचं आणि त्यात प्रेक्षकांचा दोष नसल्याचं स्पष्ट सांगितलं.

आता रग्बी. १ मार्च १९७५ ला एडिंबराच्या मरेफील्डवर स्कॉटलंड-वेल्स सामन्याला १,०४,००० माणसं आत होती, बहुतेक उभी, आणि हजारोंना बाहेरून परत जावं लागलं. तिथं पुढे पिंजऱ्यासारखं कुंपण नव्हतं. रग्बीच्या गर्दीत दाब नव्हता असं नाही. दाबाला बाहेर पडायला वाट होती.

कोपऱ्यातला_झेंडा

वरचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा.

तेरावा_गडी

धाग्यात सगळे "रग्बी" म्हणजे पंधरा जणांची युनियन धरून चाललेत. तेरा जणांची लीग कुठे गेली? २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब मूळ संघटनेतून फुटले. कारण मजुरीचं होतं. शनिवारी खेळायचं तर खाणीतली किंवा गिरणीतली पाळी बुडते, तिची भरपाई द्या, एवढीच मागणी. दक्षिणेकडच्या मंडळींनी हौशीपणाच्या नावाखाली ती नाकारली. फुटबॉलनं खेळाडूंना पैसे द्यायला १८८५ मध्येच मान्यता दिली होती, युनियननं ती दिली थेट १९९५ मध्ये.

या ११० वर्षांच्या फरकात दोन्ही गॅलऱ्यांचा स्वभाव ठरला. फुटबॉल कामगारवस्तीत पसरला, इंग्लंडमध्ये युनियन बव्हंशी खाजगी शाळांच्या वर्तुळात राहिली. लीग ही फुटबॉलच्याच वस्तीतली, तरी लीगच्या मैदानांवर फुटबॉलसारखी गुंडगिरी रुजली नाही. हल शहरात नदीच्या पश्चिमेला एक क्लब, पूर्वेला दुसरा, घराघरांत वैर, तरीही. म्हणजे "गरीब प्रेक्षक म्हणून हिंसा" हा सिद्धान्तही टिकत नाही. लीगचे क्लब एका पट्ट्यात दाटीनं आहेत, पाहुणे बसनं तासाभरात येतात आणि शेजाऱ्यांना ओळखून असतात. फुटबॉलमध्ये अनोळखी शहरात रेल्वेनं हजारोंचा जथा उतरतो.

हूकर_दोन

लीगचा मुद्दा बरोबर, विसरलो होतो. वेल्समध्ये आणि आयर्लंडच्या लिमरिकमध्ये युनियनसुद्धा कामगारांचाच खेळ आहे, तेही जोडा. ३१ ऑक्टोबर १९७८ ला लिमरिकच्या थोमंड पार्कवर मन्स्टर या आयर्लंडच्या प्रांतिक संघानं न्यूझीलंडला १२-० हरवलं. ते तिथं अजून घरच्या पराक्रमासारखं सांगतात.

आणि स्वतःच्याच बाजूवर गोल करतो. रग्बीचे प्रेक्षक जन्मजात सभ्य असते तर १ जानेवारी १९१३ ला पॅरिसमध्ये स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्यानंतर रेफ्रीवर जमाव धावून गेला नसता. स्कॉटलंडनं रागानं १९१४ चा फ्रान्सविरुद्धचा सामनाच खेळला नाही. १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनं फ्रान्सला १७-३ हरवलं तेव्हाही गॅलरीत मारामाऱ्या झाल्या. त्यानंतर रग्बी ऑलिंपिकमधून गेली ती २०१६ मध्ये सात जणांच्या रूपात परतली. आणि आजचं बघायचं तर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यानंतर (दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११) व्हिडिओ पंचाला आणि त्याच्या कुटुंबाला धमक्या आल्या. हल्ली दगड फोनमधून येतात.

शिट्टीवाली

पंचांच्या बाजूनं लिहिते. रग्बीत रेफ्रीचा मान राखतात याचं श्रेय संस्कारांना देतात, पण त्यामागे नियमांची यंत्रणा आहे.

पहिलं, निर्णयावर वाद घातला तर पेनल्टीची जागा दहा मीटर पुढे सरकते. दहा मीटर म्हणजे किक टप्प्यात येणं, म्हणजे तीन गुण. वाद महाग पडतो. दुसरं, रेफ्रीशी बोलायचं ते कर्णधारानं. तिसरं, रेफ्रीच्या गळ्याशी माइक. टीव्हीवर तर ऐकू येतंच, मोठ्या मैदानांवर छोटा रेडिओ मिळतो, तो कानात घातला की "सोळा नंबर, तू बाजूनं आलास" हे प्रेक्षकालाही कळतं. हे फार मोठं काम आहे. स्क्रम (दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांत डोकी अडकवून ढकलतात तो) कोसळला तर दोष कोणाचा हे तिसाव्या रांगेतून दिसणं अशक्य. पहिल्या रांगेतल्या खेळाडूनं कोपर खाली टाकलं की समोरच्यानं तिरकं ढकललं, यावर माजी खेळाडूंचंही एकमत होत नाही. कारण ऐकू आलं की निम्मा राग तिथंच विरतो.

फुटबॉलनं दहा मीटरचा नियम २००० च्या सुमारास इंग्लंडमध्ये करून पाहिला आणि काही वर्षांत गुंडाळला. त्यात एक गंमत होती. फ्री किक २५ मीटरवरून १५ वर आणली तर फायदा होईलच असं नाही. भिंतीवरून चेंडू चढवून पुन्हा बारखाली उतरवायला अंतरच उरत नाही. रग्बीत पुढे सरकणं म्हणजे नेहमीच फायदा, फुटबॉलमध्ये नाही. एका खेळाचा नियम उचलून दुसऱ्यात चिकटवला की असं होतं. कर्णधारानंच बोलायचं हा नियम मात्र २०२४ च्या युरो स्पर्धेत आला आणि बरा चालला. व्हिडिओ तपासणीनंतर रेफ्रीनं माइकवर निर्णय सांगणं २०२३ च्या महिला विश्वचषकात दिसलं.

रग्बीतली एक खोट पण सांगते. व्हिडिओ पंच तपासत असताना तोच तुकडा मोठ्या पडद्यावर फिरतो. प्रक्षेपणवाल्यांनी पाहुण्यांची चूक पुन्हा-पुन्हा दाखवली की ७० हजार लोक ओरडतात आणि रेफ्री त्याच पडद्याकडे पाहत असतो. पारदर्शकता आणि दडपण एकाच तारेतून येतात.

शिवाय गुणांचं गणित. फुटबॉलमध्ये सामन्याला अडीच-तीन गोल. एक चुकीची पेनल्टी म्हणजे सामना गेला. रग्बीत तीन गुणांचा अन्याय पुढच्या २० मिनिटांत भरून निघू शकतो. रागाचं प्रमाण चुकीच्या किमतीवर ठरतं.

कोपऱ्यातला_झेंडा

आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

फुटबॉलमध्ये चेंडू बराच वेळ फिरता असतो, थांबे छोटे. त्यामुळे चार-सहा शब्दांची, गोल गोल फिरणारी घोषणा चालते. खेळ बघता बघता म्हणता येते. रग्बीत ८० मिनिटांपैकी चेंडू खरा खेळात असतो साधारण ३५-३६ मिनिटं. स्क्रम लावायला, लाइनआउटला (बाहेर गेलेला चेंडू परत आत टाकायला), किकला वेळ जातो. त्या पोकळीत संथ, लांब ओळींची भजनासारखी गाणी बसतात. वेल्सचं गाणं चर्चमधून आलं आणि रग्बीच्या थांब्यांत नेमकं बसलं. १६ डिसेंबर १९०५ ला कार्डिफमध्ये न्यूझीलंडच्या हाकाला (सामन्याआधीच्या माओरी नाचाला) उत्तर म्हणून वेल्सनं राष्ट्रगीत म्हटलं आणि गॅलरीनं ते उचललं. सामना ३-० जिंकला.

आता भौतिकशास्त्र. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. एका गोलमागच्या स्टँडपासून दुसऱ्या टोकाचं अंतर दीडशे मीटर धरा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा उशीर. जलद टाळ्यांची लय दोन्ही टोकांना जुळूच शकत नाही. म्हणून इटली-जर्मनीतले अल्ट्रा, म्हणजे कट्टर पाठीराख्यांचे गट, एकाच टोकाला दाटीनं उभे राहतात, मध्ये ढोल, पुढे कुंपणावर मैदानाकडे पाठ करून उभा म्होरक्या. त्याला सामना दिसतच नाही, त्याचं लक्ष ताल पडतोय का याकडे. जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा दक्षिण स्टँड गाजतो तो यामुळेच: जवळजवळ २५ हजार माणसं उभी, एकाच उतारावर. त्यांना पसरून चारी बाजूंना बसवलं तर आवाज मरेल. संथ गाण्यात अर्धा सेकंद खपून जातो, म्हणून कार्डिफचं पूर्ण मैदान एकत्र गाऊ शकतं. वर छप्पर बंद असेल तर आवाज बाहेर जातच नाही; पाहुणे संघ छप्पर उघडं ठेवा म्हणतात ते काही फक्त हवामानासाठी नसतं.

नवी_शिट्टी

मी दोन्ही खेळांत नवखी आहे. फुटबॉलच्या गोलमागे अख्ख्या स्टँडभर चित्र उलगडतं ते कसं करतात? आणि रग्बीत तसं का दिसत नाही?

कोपऱ्यातला_झेंडा

दोन प्रकार आहेत. कागदांचं चित्र आणि मोठं कापड.

कागदांसाठी आधी क्लबकडून त्या स्टँडचा खुर्चीवार नकाशा घ्यायचा, त्यात कॅमेऱ्यासाठी सोडलेल्या आणि खांबामागच्या जागा खुणावायच्या. चित्र चौकटींत पाडून प्रत्येक खुर्चीला एक रंग द्यायचा. कागद रांगेप्रमाणे गठ्ठे करून, गठ्ठ्यावर रांग क्रमांक लिहून ठेवायचे, नाहीतर सकाळी गोंधळ ठरलेला. आदल्या रात्री प्रत्येक खुर्चीवर टेपनं चिकटवायचे, नुसते ठेवले तर वारा घेऊन जातो. सोबत चिठ्ठी: खूण झाली की डोक्यावर धरा, रंगाची बाजू मैदानाकडे, मिनिटभर खाली आणू नका.

बिघडतं कुठे? लोक उशिरा येतात, रिकाम्या खुर्च्यांची भोकं पडतात. अर्धे जण फोटो काढायला एक हात खाली घेतात. पाऊस आला तर साधा कागद लोळागोळा होतो, तेव्हा प्लॅस्टिकची शीट बरी. आणि नंतर सगळ्या कागदांची विमानं होऊन मैदानात जातात, दंड क्लबला.

कापडाचं काम जास्त जोखमीचं. क्लब अग्निरोधक असल्याचं प्रमाणपत्र मागतो. वरच्या रांगेतून गुंडाळी सोडायची, दोन्ही कडांना दोरीवाले, खाली जिन्यांवर माणसं. कापडाखालच्या लोकांना काही दिसत नाही, त्यामुळे बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवायच्या. कापडाखाली मशाल पेटवणं हा शुद्ध मूर्खपणा. ती पाण्यानंही सहज विझत नाही.

रग्बीत हे का नाही? कारण हे काम आठवडे चालणारं, वर्गणीचं, कायमच्या गटाचं आहे. देशाचे घरचे सामने वर्षाला मोजकेच, दर वेळी प्रेक्षक वेगळे, जागा वेगळ्या. तिथं संघटनाच खुर्चीवर झेंडे ठेवते. उत्साह वरून वाटलेला असतो, खरं सांगायचं तर मला तो थोडा लग्नातल्या बँडसारखा वाटतो. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातले क्लब अपवाद, तिथं गावाचे स्वतःचे वाद्यवृंद येतात.

उभी_रेघ

हाच क्लब-देश फरक मला धाग्यात हवा होता. दोन उदाहरणं शेजारी ठेवा.

विंबल्डन फुटबॉल क्लबला लंडनहून मिल्टन कीन्सला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा नवा क्लब काढला, नवव्या स्तरापासून खेळायला सुरुवात केली, २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचले आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात, प्लाउ लेनला स्वतःचं मैदान बांधून परतले. मिल्टन कीन्सच्या संघाचं पूर्ण नाव उच्चारायला ते आजही तयार नाहीत.

वॉस्प्स हा १८६७ चा रग्बी क्लब. २०१४ मध्ये तो थेट कव्हेंट्रीला गेला. नाराजी झाली, पण बंड नाही. २०२२ मध्ये क्लब दिवाळखोरीत गेला. त्याच हंगामात वूस्टर आणि लंडन आयरिशही बुडाले. एका वर्षात वरच्या श्रेणीतले तीन क्लब, आणि इंग्लंडचा राष्ट्रीय सामना तरी भरलेलाच. फुटबॉलमध्ये तीन क्लब असे गेले असते तर संसदेत गदारोळ झाला असता. २०२१ मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगची घोषणा १८ एप्रिलला झाली आणि पाठीराख्यांच्या विरोधापुढे त्यातले सहाही इंग्लिश क्लब २० तारखेच्या रात्रीपर्यंत माघारी फिरले.

पायऱ्यांवरून

जर्मनीचंही घ्या. तिथं क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून एक मत जास्त राहावं असा नियम आहे. प्रसारण हक्कांतला ८ टक्के वाटा गुंतवणूकदाराला द्यायचा बेत लीगनं आखला तेव्हा २०२३-२४ च्या हिवाळ्यात पाठीराख्यांनी आधी १२ मिनिटं शांतता पाळली आणि मग मैदानात टेनिसचे चेंडू फेकले. निवड हुशारीची होती: कोणाला लागत नाही, स्वस्त, खिशात मावतो आणि शेकडो वेचायला दहा मिनिटं जातात. प्रक्षेपणाचं वेळापत्रक कोलमडलं. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगनं बेत सोडला.

हूकर_दोन

क्लबच्या बाबतीत फुटबॉल पुढे, हरलो. पण "महत्त्व" फक्त क्लबवर मोजू नका. आयर्लंडमध्ये फुटबॉलचे दोन राष्ट्रीय संघ आहेत, रग्बीचा एकच, सीमेच्या दोन्ही बाजूंचा. २४ फेब्रुवारी २००७ ला डब्लिनच्या क्रोक पार्कवर इंग्लंड खेळायला आलं. याच मैदानात २१ नोव्हेंबर १९२० ला ब्रिटिश फौजांच्या गोळीबारात १४ जण मारले गेले होते. तिथं इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं आणि ८० हजारांनी ते शांतपणे ऐकलं. आयर्लंड ४३-१३ जिंकलं. फिजीचं पहिलं ऑलिंपिक पदक रग्बीचं, २०१६ चं सुवर्ण, आणि त्यासाठी सात डॉलरची नोट छापली गेली.

तेरावा_गडी

आणि रग्बी माणसं जोडते तशी फोडतेही. १९८१ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला आला तेव्हा देश उभा दुभंगला. २५ जुलैला हॅमिल्टनमध्ये निदर्शक कुंपण पाडून मैदानाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले, सामना रद्द. ऑकलंडच्या शेवटच्या कसोटीत छोट्या विमानातून पिठाच्या पुड्या टाकल्या. १९९५ च्या विश्वचषकातली मंडेलांची हिरवी जर्सी सगळ्यांना आठवते, त्याआधीचं हे कोणी सांगत नाही.

फुटबॉलच्या बाजूनं यादवीत अडकलेला आयव्हरी कोस्ट. ऑक्टोबर २००५ मध्ये विश्वचषकाला पात्र ठरल्यावर द्रोग्बा आणि सहकाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर गुडघे टेकून शस्त्रं खाली ठेवा असं सांगितलं. जून २००७ मध्ये बंडखोरांच्या बालेकिल्ल्यात, बुआकेला, मादागास्करविरुद्ध सामना झाला, ५-०. युद्ध फुटबॉलनं थांबवलं असं म्हणणं अतिशयोक्ती. पुढे पुन्हा लढाई झालीच. पण दोन्ही बाजूंना एकत्र बसायला निमित्त दुसरं कोणतं मिळालं असतं?

नवी_शिट्टी

कोपऱ्यातला_झेंडा, आभार. आता एक बावळट प्रश्न. रग्बीत किक मारताना खरंच सगळे गप्प बसतात का?

शिट्टीवाली

लिमरिकमध्ये बसतात, प्रतिस्पर्ध्याच्या किकलाही. पेनल्टीच्या किकला ६० सेकंद मिळतात आणि त्यात घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू यावी अशी शांतता असते. बाकी ठिकाणी आता शिट्ट्या सर्रास, फ्रान्सच्या क्लब सामन्यांत तर विचारूच नका. काही किकर सांगतात की त्यांना गोंगाट चालतो, शांतताच जड जाते.

हूकर_दोन

म्हणूनच लिमरिकवाले गप्प बसतात, असा माझा जुना संशय आहे.